मोहाला टांगलेलं पाणी

माझ्या लातूरच्या घरात, बुद्धाच्या मूर्तीशेजारच्या खुंटीला एक वाळका भोपळा टांगलाय. मान बारीक, पोट मोठं, रंग जुन्या तपकिरी कातड्याचा. माझी भाची आली की नाक मुरडते. म्हणते, "मावशी, हे काय बुजगावण्याचं डोकं ठेवलंस, फेक की." मी म्हणते, "तुला फेकीन एकवेळ, ह्याला न्हाई." ती हसते आणि मोबाइलात डोकं घालते. तिला वाटतं म्हातारी चेष्टा करून राहिली. मी अजिबात चेष्टा करत नाही.

माझा जन्म शिरूर अनंतपाळच्या बाजूचा. शाळेत होते तेव्हा आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आणि ब्याऐंशी साली एका सकाळी उठलो तर लातूर जिल्ह्यात. गाव जागचं हललं नाही, पण माझे दाखले हलले. एक कचेरी म्हणे, बाई, तुम्ही आता तिकडच्या. दुसरी म्हणे, तुमचे कागद अजून आलेच नाहीत. लोक नव्या जिल्ह्याचे पेढे वाटून राहिले होते आणि मी सरकारी नोकरीसाठी पिशवीत कागद घेऊन ह्या दारातून त्या दारात. शेवटी वैतागले. म्हटलं, खड्ड्यात गेला जिल्हा. आणि भोकरला एका लहानशा संस्थेत नोकरी धरली.

संस्थेचं काम म्हणजे डोंगरातल्या आदिवासी वाड्यांना छोटी छोटी मदत द्यायची. कुणाला भाजीचं बी, कुणाला कुंपणाची तार, कुठं पाण्याला टाकं बांधायला सिमेंट. मोठं काही नाही. चिटणीस होते श्रीपादराव, रिटायर झालेले मास्तर. माणूस सरळ, पण नियमाला पक्का. त्यांचा नियम असा, की आधी परसबाग करून दाखवा, मग पाण्याचं टाकं. बाग नाही तर टाकं नाही. वाड्यांवर जाऊन बघायचं आणि अहवाल लिहायचा, हे माझं काम.

शहाऐंशी सालच्या जेठात मी पहिल्यांदा मोहवाडीला चढले. चौदा घरं, सगळी आंध आदिवासींची. पाऊस दुसऱ्या वर्षी दगा देऊन राहिला होता. फाट्यावर एसटी सोडायची आणि तिथून दीड तास डोंगर. उन्हानं वाट नुसती हलायची. झाडं, दगड, लांबवर चरणारी जनावरं, सगळं पाण्याच्या तळाशी असल्यागत दिसायचं, आणि प्यायला थेंब नाही.

तिथं मला धुरपतामाय भेटली.

बुटकी, काटकुळी, हनुवटीवर हिरवं गोंदण. बोलताना डोळे अर्धे मिटून बोलायची, म्हणून नव्या माणसाला वाटायचं ही झोपेत हाय का काय. दुपारी वाडीच्या वरच्या अंगाला, एका मोठ्या मोहाच्या झाडाखाली पडायची आणि उठली की सपनं सांगायची. "आज मोहाला पानी लागलं होतं गं. फळं लागत्यात तसं पानी." तिचा नवरा दगडोबा पळसाच्या मुळांचे दोर वळत बाजूला बसलेला असायचा. ऐकू कमी यायचं त्याला. तो नुसती मान हलवायचा. बायकोचं सपन त्यानं कधी खोटं पाडलं नाही, कारण ते त्याला ऐकूच यायचं नाही. हे माय स्वतःच सांगायची आणि तोंड मिटून हसायची.

मोहाच्या मागं खडकाला एक भेग होती. तिला कपार म्हणायचे. हातभर उंच, वीतभर रुंद, आत वाकडी गेलेली. आत काळोखात पाणी झिरपायचं. कपार भरली की पुढचं पाणी खडकातच कुठंतरी निघून जायचं. म्हणजे भरली की लगेच उपसायची, मग पुन्हा भरायची. दिवसभर पाळीपाळीनं उपसत राहिलं तर वाडीला पुरेल एवढं पाणी होतं, पण उपसलेलं साठवायचं कशात? म्हणून टाकं पाहिजे होतं.

मी त्या दिवशी घामानं भिजून वर पोचले, कपार दिसली, आणि पिशवीतला स्टीलचा गिलास काढून हात आत घालणार, तेवढ्यात माय केवढ्यानं ओरडली! "थांब! लावू नको!"

मी गिलास मागं घेतला. मला काय आठवलं ते सांगायलाच पाहिजे. लहानपणी गावच्या आडावर माझी आई घागर खाली ठेवून लांब उभी राहायची. कुणी वरच्या आळीची बाई आली, तिच्या मनात आलं, तर वरून ओतायची. तास तास. मी आईचं लुगडं धरून उभी. छप्पनला आम्ही बुद्धाला शरण गेलो, शिकलो, सवरलो, पण तो आडाचा काठ काही माझ्या डोक्यातून गेला नाही. आणि आता इथं, ह्या डोंगरात, चौदा झोपड्यांत, तेच? मायनं आपल्या हातानं पाणी काढून माझ्या ओंजळीत ओतलं. मी प्याले. पण ते पाणी माझ्या घशाखाली रागासकट उतरलं. तिनं का थांबवलं, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, मला ठाऊकच हाय.

बी वाटलं. दुधी, दोडका, वांगी, गवार. माय सगळ्या पुड्या हुंगून बघत होती. तिची सून सरजाबाई दारात बसली होती, नुसती पिवळी पडलेली. मायनं मला बाजूला घेतलं.

"बाई, टाकं व्हईल का गं उन्हाळ्याच्या आत?"

"बाग दाखवा, टाकं होईल," मी म्हटलं. जरा फटकूनच.

"मागल्या उन्हाळ्यात वाडी खाली उतरली. पानी न्हाई म्हणून. सडकेच्या कामावर गेलो समदे. सरजाची पहिली लेक तिथंच झाली, पालात. चार दिस जगली. तिची नाळ तिथंच पुरली, काय करावं? आता त्याच्यावरून डांबर गेलंय." माय डोळे अर्धे मिटूनच बोलत होती. "आमच्यात नाळ अंगणात पुरत्यात. नाळ जिथं, तिथलं माणूस. पुढचं बाळंतपण तरी वाडीत व्हावं. एवढंच हाय माझं."

मला वाईट वाटलं. पण आडाचा काठ मधे होताच.

भादव्यात मी पुन्हा गेले आणि खूश झाले. पाऊस नावालाच झाला होता, पण चौदाही घरांच्या छपरांवर भोपळ्याचे वेल चढले होते. भांड्याचं धुवण, अंघोळीचं पाणी, सगळं वेलांच्या बुडाशी. पांढरी फुलं सांज धरून उमलायची आणि सगळी वाडी ढगात बसल्यासारखी दिसायची. खाली कोवळे, हिरवे, लव असलेले दुधी लोंबत होते. दोडका, वांगी काही दिसेना, पण दुधी काय कमी होते! मी म्हटलं, "माय, तोडा की. भाजी करा."

"अजून न्हाई. थांब जरा."

"अहो जून होतील!"

"होऊ दे की," ती म्हणाली आणि वेलाच्या पानावरून हात फिरवत बसली, लेकराला झोपवतात तसा.

मला वाटलं, कंजूषपणा. मला द्यावं लागेल म्हणून म्हणते. चिडले मी. निघताना शेवटच्या घराच्या कुडावरून, कुणी बघत नाही असं बघून, दोन दुधी तोडले आणि पिशवीत टाकले. हो, चोरीच ती. दुसऱ्या दिवशी भोकरला मोठ्या मानानं श्रीपादरावांच्या टेबलावर ठेवले. "साहेब, मोहवाडीची बाग!" अहवालात लिहिलं, दुधीचं पीक उत्तम.

श्रीपादरावांनी ते घरी नेले. त्यांच्या सौदामिनीबाईंनी चण्याची डाळ घालून रीतसर भाजी केली. पहिला घास तोंडात गेला मात्र! साहेब अंगणात पळाले, चूळ भरली, पुन्हा भरली. सौदामिनीबाईंनी चव घेतली, त्याही पळाल्या. कडू जहर. दुसऱ्या दिवशी मी हापिसात गेले तर साहेबांचं तोंड अजून वाकडंच. "पंचशीलाबाई, हे काय आणलंत तुम्ही? कारल्याला लाजवेल असा दुधी मी जन्मात खाल्ला नाही. आपलं बी कुठं घालवलं त्या लोकांनी?"

मला काय ठाऊक! भोपळा म्हणजे भाजी, एवढंच माझं ज्ञान.

पुसाच्या थंडीत साहेब स्वतः तपासणीला आले. जीप फाट्यावर, पुढं पायी. वाडीत पोचेस्तोवर त्यांना धाप लागलेली. आणि बाग? वेल वाळून दोरी झालेले. छपरांवर शेकड्यानं भोपळे, फिक्कट, टणक, वारा आला की आतलं बी खुळखुळायचं. एकही तोडलेला नाही. साहेबांचा चेहरा उतरला.

"भाजी वाळवून टाकली की हो तुम्ही."

"भाजी न्हाई साहेब, तुंबे हायत," माय म्हणाली. "पान्यासाठी."

"पाण्यासाठी तर टाकं मिळणार होतं ना? आणि आम्ही दिलेलं बी?"

"ठिवलंय."

"दाखवा."

मायनं मान हलवली. "राखंत घातलंय. राखंत घातलेलं बी पेरणीआधी उघडत न्हाईत. वारं लागलं की मरतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, विकून खाल्लं. आणि मी? मी एक शब्द बोलू शकले असते. साहेब, वर कपारीपर्यंत चला, बघू काय म्हणते ही. एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण ते कडू दुधी मी चोरून आणले होते, ते उघडं पडलं असतं. आणि दुसरं खरं कारण सांगते. आत कुठंतरी मला बरं वाटलं. मला हात लावू देत नाहीत काय? घ्या मग. साहेबांनी कागद लिहिला: बाग वाळली, बियाण्याचा हिशेब लागत नाही, टाक्याची मदत देऊ नये. खाली माझी सही पाहिजे होती. मी केली.

उतरताना मागं वळून बघितलं तर माय छपरावर चढून एकेक भोपळा कानाशी धरून हलवत होती. सरजाबाईला पुन्हा दिवस गेले होते, पोट आता दिसत होतं.

त्यानंतर मला झोप धड लागेना. चैत आला. भोकरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी. वाड्याच्या वाड्या खाली उतरल्याच्या बातम्या. मी मनात रोज मोहवाडी उतरताना बघायची. पुढं दगडोबा दोरांचं ओझं घेऊन, मागं सरजा पोट सांभाळत, आणि सडकेच्या कडेला पाल. एक दिवस न राहवून रजा टाकली आणि एसटी धरली. रिकामी घरं बघायला चालले होते मी. दुसरं काय बघणार?

ऊन असं, की डोळ्यापुढं सगळं पिवळं. चढाच्या अर्ध्यात पाय थांबले. कुठून तरी आवाज येत होता. बुड बुड बुड. थांबायचा, पुन्हा यायचा. मला वाटलं, कानात ऊन भरलं. अजून वर गेले, आवाज वाढला. आणि मग मोह दिसला.

मोहाच्या प्रत्येक फांदीला भोपळे लागले होते.

मी तिथंच खाली बसले. मोहाला कधी भोपळे लागतात का? डोळे पुसले. पळसाच्या दोरांनी बांधलेले, मानेला पानांचा बोळा खुपसलेले, एकाखाली एक तुंबे. दोनशे असतील, जास्तच असतील. सगळे भरलेले. फांद्या ओझ्यानं वाकलेल्या, आणि सावलीत त्या तुंब्यांच्या अंगावर घामासारखं पाणी आलेलं. खाली जमीन थेंबांनी ओली. त्या ओल्यात कोंबड्या पाय गाडून निवांत बसल्या होत्या. चौदाही घरांतून धूर निघत होता. वाडी जागेवर होती.

कपारीशी माय बसली होती. लांब काठीला बांधलेला बारक्या मानेचा तुंबा ती कपारीत सोडायची. तो वाकड्या भेगेतून हळूच घसरत आत जायचा, पाण्यावर तरंगायचा, आपला आपण कलायचा, आणि बुड बुड बुड. भरला की वर. माणसं रांगेनं तो मोहापर्यंत न्यायची.

"आलीस का गं," ती डोळे अर्धे मिटून म्हणाली. "म्हटलं तू आता येत न्हाईस."

मी तिच्यापुढं बसले आणि सगळं ओकले. दोन दुधी चोरले ते. कागदावर सही केली ते. आणि आडाचा काठ, तोही. "तू मला हात लावू दिला न्हाईस माय, त्याचा राग होता मला."

मायचे डोळे पहिल्यांदा पुरते उघडले. "अगं येडे! तुला कुठं थांबवलं? तुझ्या गिलासाला थांबवलं. कपारीला लोखंड लावत न्हाईत. आजा-पणज्यापासून न्हाई लावत. पहारीनं एकदा वरच्या अंगाची कपार कुणी रुंद करायला गेलं, तर पानी दुसरीकडंच निघून गेलं. म्हणून तुंबा. मागच्या दोन वर्सांत वेल धरले न्हाईत, जुने तुंबे फुटले, म्हणून तर वाडी उतरली. टाकं बांधून करतीस काय, भरायला तुंबा नगं का? पानी थोडं होतं. तुमच्या वांग्याला घालावं का तुंब्याला, एवढंच इचारलं आम्ही आमच्यात."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं का?"

न्हाई विचारलं. कधीच नाही. मी रडले. लाजेनं रडले, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही.

ती काही मला पोटाशी धरायला आली नाही. रागावली होती, आणि तिचा हक्कच होता. मग काठी माझ्याकडं केली.

"बस हितं. भर. आता तुझी पाळी."

माझ्या हातात काठी आली. मी तुंबा आत सोडला. पहिल्यांदा आपटला, दुसऱ्यांदा अडकला. माय म्हणाली, "ढकलू नको, सोड त्याला. त्याला वाट ठाऊक हाय." मी सोडला. काळोखात तो तरंगला, कलला, आणि माझ्या हाताला काठीतून ते बुडबुड कळलं. कुणाच्या आडाच्या काठावर मी उभी नव्हते. कुणी वरून ओतत नव्हतं. माझी पाळी होती, आणि मी माझ्या हातानं पाणी काढत होते. आईची लई आठवण आली.

सात तुंबे भरले असतील, तेवढ्यात खालून दगडोबा हातवारे करत आला. सरजाला कळा लागल्या होत्या. माय उठली, माझ्या हातातला भरलेला तुंबा तसाच उचलला आणि पळाली. मी मागं. दाराबाहेर बसून राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा आतून रडण्याचा आवाज आला, चांगला खणखणीत. मुलगी. तिच्या अंगावर पडलेलं पहिलं पाणी मी काढलेल्या तुंब्यातलं होतं. नाळ मायनं अंगणात पुरली, वेलाच्या बुडाशी. जमीन टणक होती, म्हणून वर थोडं पाणी शिंपडायचं होतं. तेही तिनं मलाच शिंपडायला लावलं.

भोकरला येऊन मी अहवाल पुन्हा लिहिला. त्यात चोरीसुद्धा लिहिली. श्रीपादरावांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला, आणि वैशाखात स्वतः वर चढले. मोहाखाली बराच वेळ बसले. पाणी प्याले. नव्या तुंब्याचं पाणी जरा कडसर लागतं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ओळखीची चव आहे." टाकं पावसाच्या आत झालं, कपारीला धक्का न लावता. पुढच्या पावसाळ्यात मायनं राखेतून संस्थेचं बी काढलं. एक दाणा मेला नव्हता. दोडका, वांगी, गवार, आणि दुधी, गोड दुधी. त्यातला पहिला तिनं साहेबांना पाठवला. साहेबांनी तो आधी मला कच्चा चाखायला लावला.

पुढं माझे कागद एकदाचे लातूरला पोचले आणि मला तिथं सरकारी नोकरी लागली. निरोप घ्यायला वर गेले, तेव्हा मायनं मोहावरून एक तुंबा सोडवून माझ्या हातात दिला. सरजाची पोर तिच्या कडेवर, मोहाकडं बोट दाखवून काहीतरी सांगत होती. मी म्हटलं, "माय, मी ह्याचं काय करू? माझ्या घरी नळ हाय."

"नळाला काय भरवसा," ती म्हणाली. मी वळले, चार पावलं उतरले, तेव्हा मागून तिचा आवाज आला, हसू दाबलेला.

"आणि पोरी, पुढच्या येळेला दुधी न्यायचा असला तर मागून ने गं. आपलंच हाय."